पडद्यावरचा सिंह आधी पळाला

मुलांनो, एका जंगलात वीज आली होती. कशी आली ते विचारू नका. मध्येच कुणी काही विचारलं की मी दचकते आणि गोष्ट सांडते.

तर वीज आली तशा कळसूत्री बाहुल्या गेल्या. आधी जाळेकर नावाचा कोळी फांदीवर बसून दोऱ्यांनी लाकडी बाहुल्या नाचवायचा. आठ हात, आठ दोऱ्या. मग पडदा आला, कॅमेरा आला आणि जाळेकर सॉफ्टवेअर विणायला लागला. हात तेवढेच, गुंता जास्त.

नवी बाहुली पडद्यावर राहायची. ती सिंहाची होती. पडद्यामागे टिपरी नावाची सशीण कॅमेऱ्यासमोर उभी असायची. टिपरीने पंजा उचलला की पडद्यावर सिंह पंजा उचलायचा. तिने तोंड उघडलं की सिंह बोलायचा. तिचं शेपूट एवढंसं, पण ते हललं की सिंहाची गोंडेदार शेपटी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला फिरून यायची. सगळं तिथल्या तिथे, प्रेक्षकांच्या समोर.

टिपरीचं काम छान होतं. फक्त ती घाबरायची. पान पडलं की घाबरायची. टाळ्या पडल्या की जास्त घाबरायची. खेळ सुरू होण्याआधी डावीकडच्या बिळाचं तोंड मोकळं आहे ना, ते बघून यायची. सशांत तशी रीतच आहे. देवाला नमस्कार नंतर, बीळ आधी.

ती थरथरली की पडद्यावरचा सिंहही थरथरायचा. पिल्लांना तो सिंह फार आवडायचा. "आपल्यातलाच वाटतो," पिल्लं म्हणायची.

एके दिवशी प्रधान कोल्हा आला.

"जाळेकर, येत्या उत्सवात खुद्द महाराज खेळ बघायला येणार!"

टिपरी टुणकन उडाली. पडद्यावर सिंहही उडाला.

"हेच! हेच नको," कोल्हा म्हणाला. "सिंहाला थरथरताना महाराजांनी पाहिलं, तर खेळ कायमचा बंद. आणि ही बया परत गवत खुडायला."

टिपरीला पडदा सोडायचा नव्हता. कारण सांगू? ती बाहेरही घाबरायची आणि पडद्यामागेही घाबरायची. पण पडद्यामागे ती सिंह होऊन घाबरायची. त्यात फार फरक असतो.

"जाळेकरकाका, काहीतरी करा ना."

"घाबरू नकोस गं. सुधारणा करू."

मुलांनो, हे वाक्य ऐकलं की घाबरायला सुरुवात करायची असते.

जाळेकरने आधी सॉफ्टवेअरला गाळणी बसवली. चहाच्या गाळणीसारखी. हालचाल खाली पडद्यावर, थरथर वर चोथ्यात. सिंह थरथरायचा थांबला. पण गाळायला वेळ लागतो. टिपरी ओरडायची, "थांब दुष्टा!" आणि सिंहाचा पंजा वर होईपर्यंत गोष्टीतला दुष्ट घरी जाऊन जेवायला बसलेला असायचा.

"हरकत नाही," जाळेकर म्हणाला. "आता सॉफ्टवेअर तुझी वाटच बघणार नाही. तुझ्या सवयी शिकून घेईल आणि तू पुढे काय करणार ते आधीच ओळखेल."

"पण काका, ते मलाच आधी माहीत नसतं!"

"म्हणून तर सॉफ्टवेअर."

टिपरी रोज तालीम करू लागली. सॉफ्टवेअर रोज बघू लागलं. फांदी मोडली की टिपरी काय करते. ढग गडगडला की काय करते. माकडाने मागून 'भॉक' केलं की काय करते. सगळं शिकलं. शेवटी असं झालं, की टिपरीच्या मनात यायच्या आत सिंहाचा पंजा वर.

कोल्हा खूश झाला. "अगं टिपरे, हा तर तुझ्यावाचूनही चालेल! मग तुझं काय काम?"

"कॅमेऱ्यासमोर उभी राहते ना मी."

"तेवढ्याला एखादा ओंडका ठेवू. खेळ पार पडू दे, मग बघतो तुझ्याकडे."

खेळ बिघडला तर पडदा जाणार. खेळ रंगला तर टिपरी जाणार. तिने त्या दिवशी बीळ दोनदा बघितलं.

उत्सव आला. पहिल्या रांगेत महाराज बसले. दुसरी, तिसरी, चौथी रांग रिकामी. पाचव्या रांगेपासून जनता.

खेळ सुरेख चालला होता. पडद्यावरचा सिंह ऐटीत पुढे आला आणि म्हणाला, "या जंगलात मला कुणाचंही भय नाही!"

वाक्य महाराजांना आवडलं. आवडलं की महाराज दाद देतात. आणि सिंहाची दाद म्हणजे डरकाळी. एवढ्या तालमी झाल्या, पण हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

झाली डरकाळी!

(थांबा जरा. मीच दचकले.)

पडद्यावरच्या सिंहाने कान पाडले, गोंडेदार शेपटी पायांत घातली आणि डावीकडे धूम ठोकली. पडदा रिकामा.

टिपरी मात्र जागेवरच. पळायचं तर तिलाही होतं. पण तिचं पळणं तिच्याआधीच निघून गेलं होतं.

"कोण पळालं?" महाराज म्हणाले.

"बिघाड, महाराज! किरकोळ बिघाड!" कोल्हा किंचाळला. "जाळेकर, खाली उतर आधी!"

जाळेकरने आठही हात जोडले.

"का पळाला तो?" महाराजांनी विचारलं.

घाबरलं की तोंडून खरं निघतं. "आपली डरकाळी ऐकून, महाराज," टिपरी पडद्यामागून म्हणाली.

महाराजांची मिशी हलली. "म्हणजे माझ्या डरकाळीने सिंहसुद्धा पळतो?"

"पळालाच की. सगळ्यांनी बघितलं."

पाचवी रांग जोरजोरात माना डोलवू लागली.

"वा!" महाराज म्हणाले.

"बिघाड नव्हेच तो," कोल्हा लगेच म्हणाला. "नवी सोय आहे, महाराज. आपल्यासाठी खास करून घेतली."

"एक मात्र खटकलं. पळताना तो थरथरला नाही. माझ्या डरकाळीचा एवढाही मान नाही?"

जाळेकरने तिथल्या तिथे गाळणी काढली. गाळणी गेली तसा उशीर गेला. उशीर गेल्यावर आधी ओळखायची गरज उरली नाही, म्हणून तेही काढलं. सॉफ्टवेअर होतं तसं झालं. कोल्ह्याने त्याला 'सुधारित आवृत्ती' असं नाव दिलं आणि स्वतः फीत कापली.

ओंडकाही ठेवून बघितला. महाराजांनी त्याच्यासमोर घसा बसेपर्यंत डरकाळ्या फोडल्या. ओंडका ढिम्म. राजद्रोहाबद्दल त्याला हद्दपार केलं.

टिपरी दरबारात कायम झाली. खेळाआधी ती अजून बीळ बघायला जाते. वाट अडू नये म्हणून हल्ली बिळाच्या तोंडाशी प्रधान कोल्हा स्वतः उभा असतो. त्यामुळे ती आणखीनच छान घाबरते.

तात्पर्य : आपण पळालो तर भित्रे. सॉफ्टवेअर पळालं तर बिघाड. राजाला आवडलं तर सोय. तेव्हा मुलांनो, धीट होण्यात वेळ घालवू नका. नीट घाबरायला शिका, आणि कुणाला घाबरलात ते मोठ्याने सांगा.