माफी मागून पळणारा रशीदभाई

दरवर्षी थंडीतल्या एका शनिवारी संध्याकाळी रशीदभाई माझ्या दारात येतो, चपला बाहेर काढतो, डोक्यावरची टोपी नीट करतो आणि हात जोडून म्हणतो, "भाऊसाहेब, कहा-सुना माफ करा. उद्या निघालो."

नवख्या माणसाला वाटतं, हा हजला निघाला. हजला जाणारा माणूस असाच घरोघर फिरतो, बोललं-चाललं माफ करून घेतो, कारण परत येईल न येईल, कुणी सांगावं? माझा मेहुणा एकदा घरी आलेला असताना हा प्रकार झाला, तर तो बिचारा हार आणायला उठला. मी त्याला खाली बसवलं. रशीदभाई निघालेला असतो बीडला. आमच्या मांजरसुंब्याहून मोटरसायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता. तिथं पळायची शर्यत असते. पळायचं आणि जेवायला घरी यायचं, एवढाच काय तो प्रवास.

"अरे, एकवीस किलोमीटर पळायला चाललास का सरहद्दीवर?" मी दरवर्षी विचारतो.

"नियत साफ तर दम साफ," तो दरवर्षी म्हणतो.

रशीदभाईचं चौकात रेडिएटरचं गॅरेज आहे. घाट चढून तापलेले ट्रक त्याच्या दारात वाफा सोडत उभे राहतात आणि हा त्यांच्या नाकावर हात ठेवून "हो रे हो, थांब जरा," असं म्हणत बसतो. वय अठ्ठावन्न. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण माणूस भित्रा म्हणाल तर अजिबात नाही. एकदा दोन ड्रायव्हर चाक खोलायच्या लोखंडी टॉमी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावले, तर हा मधे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आधी मला मारा, मग तुमच्या गाड्या कोण दुरुस्त करतंय ते बघू." दोघंही गपगार चहा प्यायला गेले.

असा हा वाघ. पण शर्यतीचा आठवडा उजाडला की वाघाची शेळी होते. गुरुवारपासून भाकरी गोड लागत नाही. शुक्रवारी एका गाडीच्या रेडिएटरचं टोपण दुसरीला बसतं. रस्त्यानं पोलीस भरतीची पोरं पळत चालली की त्यांना थांबवून हा सांगतो, "भ्यायचं न्हाई बे! भ्यालेल्या माणसाचा गुडघा आधी जातो!" आणि हे सांगून झालं की गॅरेजमागं जाऊन पुन्हा एकदा पोट साफ करून येतो.

या माफीची सुरुवात त्याच्या पहिल्या शर्यतीत झाली. तिसऱ्याच किलोमीटरला त्याच्या बरगडीत उसण भरली. श्वास घेता येईना. आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, की आदल्या दिवशी तेलगावच्या एका नेहमीच्या ड्रायव्हरला आपण जुनंच टोपण घासूनपुसून नवं म्हणून बसवलं. हा रस्त्याच्या कडेला थांबला, पाणी वाटणाऱ्या माणसाचा मोबाईल मागून घेतला आणि ड्रायव्हरला फोन लावून म्हणाला, "दादा, टोपण जुनं हाय, मला माफ करा." ड्रायव्हर झोपेत होता. "केलं बाबा, केलं," म्हणून त्यानं फोन ठेवला. उसण गेली. रशीदभाई शेवटून दुसरा आला, पण चालत नाही, पळत आला.

तेव्हापासून नियम. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांची माफी. आणि एकानं जरी "न्हाई" म्हटलं, तर पळायचं नाही. "बोजा घेऊन गाडी घाट चढत न्हाई, भाऊसाहेब. माणूस कसा चढंल?"

आता असा नियम गावाला कळल्यावर गाव काय करणार? ढाबेवाल्या गणपतनं एक वर्ष सरळ सांगितलं, "माझा मिक्सर दुरुस्त कर, मग माफ." रशीदभाईनं रेडिएटरची हत्यारं घेऊन मिक्सर उघडला. तो आजतागायत बंद आहे, आणि पुढच्या वर्षी त्या मिक्सरचीच माफी मागावी लागली.

दुसरी अडचण अशी, की माणूस मुळात सरळ. गुन्हे किती करणार? दोन-चार वर्षांत ताजा माल संपला. मग तो जुनं उकरायला लागला. जितकी धास्ती जास्त तितकं खोल खणायचं. मारुती न्हाव्याला त्यानं सांगितलं, "सातवीला मी तुझ्या पेपरात बघून लिवलं हुतं." मारुतीनं वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "म्हणजे आपण दोघं नापास झालो ते माझ्यामुळं? आन् मी इतकी वर्षं समजतोय तुझ्यामुळं!" अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं.

या वर्षी रशीदभाईनं बेचाळीस किलोमीटरला नाव दिलं.

"साठीच्या आत एकदा," तो म्हणाला. वर्षभर पहाटे चारला उठून हायवेच्या कडेनं पळाला. उन्हाळ्यात सुद्धा सुट्टी नाही. ट्रकवाले हॉर्न मारून सलाम करायचे. पायाची दोन नखं गेली, ती त्यानं मला काडेपेटीत घालून दाखवली. मी म्हटलं, "टाकून दे की बाबा!" तर म्हणे, "मेहनतीची हायत." अशी ती तयारी. त्यामुळं शनिवारी तो दारात आला तेव्हा मला वाटलं, आज काहीतरी पार अंगणवाडीतलं बाहेर निघणार.

"भाऊसाहेब, अण्णांचं हाय," तो म्हणाला.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. शेवटचं वर्ष साखरेनं पिडलेलं. डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. मी घरातली साखर, गूळ, सगळं कपाटात ठेवून किल्ली कडदोऱ्याला बांधली होती. तरी रक्त तपासलं की साखर वरच. मी विजेच्या ऑफिसात कारकून, दिवसभर बाहेर. घरी बायको, सुलोचना. मग दुसरं कोण देणार? मी तिला नाही नाही ते बोललो. "तुझ्या लाडानं म्हातारा जाईल," असंसुद्धा बोललो. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"अण्णांना मी रोज गॅरेजवर बसायला न्यायचो, ते तुम्हाला म्हाईतच हाय," रशीदभाई म्हणाला. "पण गॅरेजवरून पुढं न्यायचो. गणपतच्या ढाब्यावर. चहा प्यायला. साखरेचा. वरून मलई."

"रोज?"

"जुम्मा सोडून."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उभा राहिलो. "माझ्या बापाला विष पाजलंस आणि माझ्या बायकोला माझ्या शिव्या खाऊ घातल्यास! तीन वर्षं तोंड उघडलं नाहीस! चल, निघ. माफी नाही. जा!"

चपला घालताना त्याला डाव्या-उजव्याचा मेळ लागेना. मी दार लावून घेतलं.

जेवताना मी सुलोचनाला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही आता रशीदभाईच्या नावानं बोटं मोडेल. तिनं माझ्या ताटात भात वाढला.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मिशीला मलई लावून यायचे. मला काय दिसत नव्हतं का?"

"मग बोलली का नाहीस? मी इतका बोललो तुला!"

"बोलले असते तर तुमी त्यांचं जाणं बंद केलं असतं. त्या एका चहासाठी म्हातारं माणूस सकाळपासून धोतर नेसून, काठी घेऊन बसायचं. चौऱ्याऐंशी वर्षांचं. त्यांनी चहा प्याला, मी शिव्या खाल्ल्या. घरातलं घरात झालं की."

मी घास हातात धरून बसलो. बायकोची माफी मागणं मला लग्नाला सव्वीस वर्षं होऊन जमलेलं नव्हतं. चुकलो तर मी भाजी आणून देतो, फार चुकलो तर दळण आणतो. पण तो येडा रेडिएटरवाला वर्षानुवर्षं दारोदार जाऊन हात जोडतो, आणि आपल्याला चार हातांवर बसलेल्या माणसाला एक शब्द म्हणता येत नाही! मी ताटातल्या भाताकडं बघत म्हटलं, "सुलू, माफ कर मला."

"आधी जेवा," ती म्हणाली. पण तिनं डोळ्याला पदर लावला. मग एकदम कडाडली, "आन् त्या माणसाला तुमी न्हाई म्हणालात? वर्षभर पळतंय बिचारं! लावा फोन!"

फोन बंद. धास्तीपायी तो शर्यतीच्या आदल्या दिवशी फोन बंदच ठेवतो. घरी गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाले, भरतीच्या पोरांसोबत बीडला मुक्कामाला गेला, पण पळणार नाही म्हणत होता, पाणी वाटायला चाललो म्हणत होता. मी म्हटलं, झालं! वर्षभराची मेहनत माझ्या एका शब्दानं पाण्याच्या टेबलावर गेली.

पहाटे निघालो. सुलोचना म्हणाली, "मीबी येते. गुन्हा माझ्याबी बाबतीत झालाय, तुमी एकटे काय माफ करताय?" स्वेटरवर शाल गुंडाळून ती मागं बसली. घाटात थंडीनं माझी बोटं वाकेनात, आणि ती मागून सांगत होती, "जरा जोरात चालवा."

मैदानावर ही गर्दी. लाऊडस्पीकर, दिवे, उड्या मारणारी माणसं. रशीदभाई दिसला कडेला. अंगावर रोजची पँट, छातीवर नंबर नाही. एक पोरगेलासा तरुण खाली बसून थरथरत होता आणि हा त्याच्या बुटाची नाडी बांधून देत होता. "फिकर नक्को. पहिले पाच किलोमीटर कुणाकडं बघू नको. नियत साफ हाय ना तुझी? मग दम साफ." स्वतःची शर्यत बुडालेली, आणि दुसऱ्याला धीर देताना आवाजात जरासुद्धा कंप नाही. मला माझीच लाज वाटली.

आम्हाला बघून तो उठला.

"रशीदभाई, माफ केलं," मी म्हणालो. "काढ ती पँट, घाल नंबर."

तो माझ्याकडं न बघता सुलोचनाकडं बघत होता. "वैनी, शिव्या तुमी खाल्ल्या. मला कळत हुतं. पण सांगितलं तर अण्णांचं येणं बंद होईल म्हणून गप बसलो."

"मीबी त्याच्यासाठीच गप बसले," सुलोचना म्हणाली. "माफ केलं, भाई. पण एक सांगा. अण्णा तिथं बसून काय बोलायचे?"

रशीदभाईनं मान खाली घातली. लाऊडस्पीकरवर बेचाळीसवाल्यांना रांगेत बोलावत होते.

"दोन चहा मागवायचे," तो म्हणाला. "एक त्यांचा, एक भाऊसाहेबांच्या नावाचा. म्हणायचे, पोराला हापिसातून येता येत न्हाई, पण कप तर मांडू. मग तो गार व्हायला लागला की मला म्हणायचे, पी रे पोरा, वाया जाईल. आन् मी प्यायचो."

लाऊडस्पीकरवर पुन्हा पुकारा झाला, पण तो जागचा हलला नाही.

"माझे अब्बा गेले तवा मी सौदीला हुतो. मातीला बी यायला न्हाई मिळालं. मला पोरा म्हणणारं त्यानंतर कुणी राहिलं न्हवतं. मी अण्णांना चहासाठी न्हाई न्यायचो, भाऊसाहेब. त्या एका शब्दासाठी न्यायचो. तुमच्या वाट्याचा हुता तो, मी घेतला. चहाचं राहू द्या. ते माफ करा."

मी त्याचा खांदा धरला आणि कसंबसं "माफ" म्हणालो. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा एकदा म्हणालो.

त्यानं तिथल्या तिथं पँट उतरवली, आत पळायची चड्डी होतीच. पँट माझ्या हातात दिली, खिशातून घडी घातलेला नंबर काढला. सुलोचनानं तो चार टाचण्या लावून त्याच्या छातीवर नीट बसवला. रांग निघून गेली होती. सगळ्यांच्या मागून रशीदभाई एकटा पळत सुटला.

मग मी त्या मैदानाच्या कठड्याला धरून रडलो. अण्णा गेले तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या गडबडीत रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं तिथं, अनोळखी गर्दीत, एका रेडिएटरवाल्याची पँट हातात धरून रडलो. सुलोचनानं मला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "किती वाजता येतील ओ भाई?"

"बेचाळीस आहे. दुपार होईल."

"होऊ द्या," ती म्हणाली, आणि जिथं शर्यत संपते तिथं दोरीला लागून, अगदी पुढं, शाल अंथरून बसली. मीही तिच्या शेजारी बसलो. इतकी वर्षं हा माणूस पळत आला, पण त्याला बघायला तिथं कधी कुणी गेलेलं नव्हतं.