इंजिनातलं तेल वाढतंय!

इंजिन तेल पितं, हे ताउनोला माहीत होतं. पण त्याच्या बोटीच्या इंजिनातलं तेल चक्क वाढत होतं! तेल मोजायची पट्टी त्याने तीनदा पुसून तीनदा बुडवली. तिन्ही वेळा तेल खुणेच्या बोटभर वर.

धक्क्यावर त्याच्या सासूबाई, हिल्क्का, ठेवणीतला झगा घालून आणि गाण्याची वही छातीशी धरून बसल्या होत्या. आज अकराला तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या चर्चमध्ये पहिलं गाणं त्यांनी एकटीने म्हणायचं होतं. गेले सहा उन्हाळे दर रविवारी ताउनो त्यांना बोटीने न्यायचा आणि दर रविवारी त्या पोचेपर्यंत पहिलं गाणं संपलेलं असायचं.

शेजारचा रेइयो मेकॅनिक होता. ताउनोने त्याच्याकडे संशयाने बघितलं.

"माझ्या इंजिनात तेल तू ओततोस का रे?"

"मी माझ्याच इंजिनात वेळेवर ओतत नाही, तुझ्या कशाला ओतू?" रेइयोने पट्टी हुंगली आणि तेलाचा एक थेंब कागदी रुमालावर टाकला. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट कडं पसरत गेलं. "हे कडं दिसतंय? पेट्रोल आहे. तेलात उतरतंय. असंच चालवलंस तर इंजिनाचे बारा वाजतील. चालवतोस तरी किती हळू?"

"बदकं पुढे जातात," ताउनो कुजबुजला. "सासूबाई घाबरतात ना."

"तसं म्हणाल्या त्या?"

"छे! असं कोणी कोणाला विचारतं का?"

हे रेइयोलाही पटलं. त्या तळ्याकाठी असलं काही कोणी कोणाला विचारत नसे.

"अरे, एवढ्या गार पाण्यात हळू चालवलंस तर इंजिन तापणार कधी? न जळलेलं पेट्रोल खाली झिरपतं. आता तेल बदल आणि दामटून पळव."

तेल बदलेपर्यंत पावणेअकरा झाले. नेहमीच्या चालीने तासभर लागायचा. आता हळू जावं तर सासूबाईंचं गाणं बुडणार आणि जोरात जावं तर त्यांचा जीव जाणार! ताउनोने सासूबाईंना बोटीत पुढे बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

"घट्ट धरा, सासूबाई!" असं म्हणून त्याने हँडल पिळलं. बोटीचं नाक वर उठलं, सासूबाईंच्या डोक्यावरचा रुमाल उडाला आणि पुढून मोठी किंकाळी आली. ताउनोने घाबरून वेग कमी केला.

"थांबलास का, मेल्या? पळव की!"

"तुम्ही... घाबरला नाहीत?"

"घाबरायला काय झालं? लग्नाआधी गोठलेल्या तळ्यावर मोटरसायकलच्या शर्यती मारायचे मी! मला वाटलं, तुझं इंजिनच म्हातारं झालंय. विचारून तुला कशाला लाजवायचं!"

पाच मिनिटं हाताशी ठेवून ते पोचले. विस्कटलेल्या केसांनी आणि लालबुंद गालांनी सासूबाई अशा काही गायल्या की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेसुद्धा ताठ बसले. ताउनोला इतका आनंद झाला की तो चर्चमध्येच टाळ्या वाजवणार होता.

परतताना सासूबाई सरळ मागे गेल्या आणि त्यांनी हँडल हातात घेतलं.

"पुढे बस," त्या म्हणाल्या.

बोट उसळली. ताउनोने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी फळी आवळून धरली. भीती वाटते का, असं सासूबाईंनी विचारलं नाही. आणि ताउनोनेही सांगितलं नाही.