फाटकापुरता कॅनडा

आमच्या मात्सुए शहरात एखाद्याची मुलगी परदेशातला संसार सोडून लेकरासह परत आली, तर ती 'माहेरी आली' असं म्हणतात. किती दिवसांसाठी, हे विचारणं असभ्य समजलं जातं. शुनसाकु इसोझाकी यांची कन्या कानाए कॅनडाहून सहा वर्षांच्या मेईला घेऊन अशीच माहेरी जपानला आली होती. निघताना तिने नवऱ्याला, म्हणजे कॉलिनला, 'पंधरवड्यात येते' असं सांगितलं होतं. त्या पंधरवड्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. इसोझाकींच्या मते याला विलंब म्हणता आलं असतं; याहून कडक शब्द वापरण्याचं काही कारण नव्हतं.

शब्दांच्या बाबतीत इसोझाकींचा अधिकार मोठा. कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थ म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. नवरा-बायको भांडत आले की ते दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवत, चहा पाजत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, "मूल सध्या कुणाकडे जेवतं?" ज्याच्याकडे जेवतं त्याच्याकडेच ते राही. मुलाची बसलेली घडी मोडू नये, असं हे तत्त्व. एसटीच्या खिडकीतून आधी रुमाल टाकणाऱ्याला जो न्याय मिळतो, तोच इथे मूल आधी उचलणाऱ्याला मिळे. फरक इतकाच, की हा रुमाल वाढत होता आणि शाळेत जात होता.

कॉलिन फोन करी. फोन मेईची आजी तोमिएबाई घेत आणि "मेई अंघोळीला गेलीय" असं अत्यंत नम्रपणे सांगत. सकाळ असो, दुपार असो, मेई अंघोळच करत असे. जपानी लोक फार स्वच्छ, ही कॉलिनची खात्री एव्हाना पक्की झाली असावी.

अशात चित्रपटाची मंडळी आली. कायद्याचं काही चुकू नये म्हणून दिग्दर्शक निशिगाकी सल्ला मागायला इसोझाकींच्या घरी आले. त्यांनी कथा सांगितली: एक परदेशी बाप मुलीला जपानमधून उचलून कॅनडाला नेतो, आई बिचारी तिथवर जाते आणि बंद फाटकाशी उभी राहते.

"नेताना काय सांगतो?" इसोझाकींनी विचारलं.

"पंधरवड्यात परत आणतो म्हणून."

"हे सरळसरळ अपहरण आहे, निशिगाकीसान."

"पुढे ऐका. आईने फोन केला, की त्याची म्हातारी सांगते, मुलगी झोपलीय."

"खोटं बोलताना लोकांची जीभ झडत कशी नाही," तोमिएबाई डोळे पुसत म्हणाल्या. तेवढ्यात आत फोन वाजला म्हणून त्या उठून गेल्या.

चित्रपट एका समितीचा होता. समितीत एक वाहिनी होती, पर्यटन खातं होतं आणि एक लोणच्याची कंपनी होती. सगळ्यांना कॅनडा हवा होता, पण कॅनडाला जायला कुणी तयार नव्हतं. शेवटी पर्यटन खात्याने निदर्शनास आणलं, की तळं हे कुठलंही असलं तरी तळंच असतं आणि तिकडच्या झेंड्यावरचं पान इसोझाकींच्या अंगणात फुकट पडतं. झाडाला हरकत नव्हती. फाटकाला पांढरा रंग दिला आणि इसोझाकींचं अंगण कॅनडात गेलं. लोणचंवाल्यांची अट एकच होती: अपहृत मुलीला परदेशात त्यांच्या लोणच्याची आठवण येऊन रडू फुटावं.

मुलगीही अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या चेहऱ्याची हवी होती. ती घरातच होती.

"बाबा, मेईला कशाला यात?" कानाएने हळूच विचारलं.

"अगं, विषय सामाजिक आहे."

 चित्रीकरण संपेपर्यंत कानाए कामावरून उशिराच घरी येत राहिली.

प्रसंग सोपा होता. आई झालेली नटी फाटकाबाहेरून हाक मारणार. बापाने मन कलुषित केलेली मुलगी मान फिरवून उभी राहणार. पण नटीने हाक मारली, की मेई धावत सुटे. दिवसभर हेच.

"अगं, तू का पळतेस?" निशिगाकी रडकुंडीला आले.

"ती रडतेय ना."

 अखेर इसोझाकी तिला बाजूला घेऊन गेले. हा विषय त्यांच्या अनुभवातला होता. "हा खेळ आहे, मेई. कुणी कितीही हाक मारली तरी अंगणातल्या त्या दगडी दिव्याकडे बघायचं. हलायचं नाही."

"आणि मग?"

"मग काका 'कट' म्हणतील. 'कट' म्हटलं, की धावत जायचं आणि घट्ट मिठी मारायची."

"नक्की, आजोबा?"

"नक्की."

मेईने मान अशी फिरवली, की दिवे धरणारे गडीही हेलावले. 'कट' झाल्यावर तिने मारलेल्या मिठीत नटीचा केसांचा टोप निसटला.

पहिल्या खेळाला सारं मात्सुए रडलं. मुलांचं मन तपासणाऱ्या न्यायालयाच्या अधिकारी ओगावाराबाई सर्वांत जास्त रडल्या. "त्या माउलीला कुणी फाटक का उघडत नाही हो?" त्यांनी बाहेर पडताना विचारलं.

"माणुसकी उरली नाही, बाई," इसोझाकी म्हणाले.

वसंतात कॉलिन आला. न्यायालयाने त्याला भेटीची चाचणी मंजूर केली होती. त्याने फाटकाबाहेरून हाक मारायची. मुलगी आपणहून गेली, तर भेटीचा विचार होईल. फाटक अजून पांढरंच होतं. त्यावर पर्यटन खात्याची पाटी होती: 'चित्रपटातील कॅनडा येथे.' कॉलिनला ती वाचता येत नव्हती, हे एक बरं झालं. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. ओगावाराबाई ओसरीवर बसल्या.

"मेई," कॉलिनने हाक मारली. 

मेईने वळून दगडी दिव्याकडे पाहिलं. मान जराही हलली नाही. ओगावाराबाईंनी निष्कर्ष टिपून घेतला: मुलीस भेटीची ओढ दिसत नाही.

कॉलिन पुन्हा पुन्हा हाक मारून थकला आणि फाटकाच्या गजांना धरून उभा राहिला. मेई तशीच होती. फक्त तिची एक टाच जमिनीवरून उचललेली होती.

"आजोबा," ती ओठ न हलवता पुटपुटली, "बरोबर करतेय ना मी? 'कट' कधी म्हणणार?"

इसोझाकींनी घसा खाकरला. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तो म्हणण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा, आणि अधिकाराबाहेर बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. तोमिएबाई चहा बघायला आत गेल्या. ओगावाराबाईंनी पर्समधून रुमाल काढला. कुंपणाशी सगळे श्वास रोखून, डोळे भरून उभे होते.

आपणही इथवर आलाच आहात, तर शांत राहा. प्रसंग चालू असताना प्रेक्षकांनी मध्ये बोलायचं नसतं.