आज दुखले असावे

चुरीकाकांचं डोकं कधी दुखायचं नाही. ते सुटायचं.

"सकाळी सहा चाळीसला सुटली, डॉक्टरबाई," खुर्चीत बसायच्या आधीच ते सुरू करायचे. "डाव्या भिवईवरून. मग कानामागे थांबा. तिथून मान. साडेअकराला ओकारी झाली आणि एकदाची आगाराला लागली."

उभा जन्म एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेला. माईक काढून घेतला तरी निवृत्त माणसाचा आवाज कुठे काढून घेता येतो? अर्धशिशीसारख्या दुखण्याचंही त्यांनी वेळापत्रक करून टाकलं होतं.

दोन हजार एक-दोनचा सुमार असेल. वसईला पश्चिमेकडे एका इमारतीच्या तळमजल्यावर मी नुकतंच क्लिनिक थाटलं होतं. 'फिजिओथेरपी' ही पाटी वाचून लोक आत यायचे आणि पासपोर्ट फोटो किती वेळात मिळतील ते विचारायचे. मी मुळातच तापट. त्यात डोक्याच्या दुखण्यावर मानेचे व्यायाम असतात हे पटवता पटवता माझंच डोकं उठायचं. अशात एका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जवळच्या गिरीज गावाहून सायकल मारत चुरीकाका आले. चिठ्ठीत होतं, 'मायग्रेन. गोळ्या चालू. मान व खांद्याचे व्यायाम शिकवावेत.' मी खूश झाले. चार दिवस. पुढे या माणसाने माझ्या नाकी नऊ आणले.

पहिल्या दिवशी मान तपासली. साठीच्या माणसाची मान, पण डावीकडे वळवली की जवळजवळ पाठीमागचं बघून येत होती. खांद्याच्या स्नायूंवर अंगठा रोवला. अर्धशिशीच्या माणसाला तिथे हात लावला तरी कळवळायला होतं. काका आरामात पंख्याकडे बघत होते.

"दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"तिथे दुखायला पाहिजे का?"

"पाहिजे असं नाही. दुखतं का ते सांगा."

"मग लिहा, दुखतं," काका म्हणाले.

कप्पाळ माझं!

व्यायाम साधे होते. हनुवटी आत ओढायची, पाच मोजायचे, सोडायची. खांदे मागे. टॉवेलची गुंडाळी मानेखाली घेऊन उताणं पडायचं. रोज अर्धा तास चालायचं, आणि डोकं चढलेलं असेल तेव्हा यातलं काहीही न करता अंधारात गप पडून राहायचं. कुणीही दोन दिवसांत शिकतं. काका तीन महिने रोज येत होते. एकेक व्यायाम उलटसुलट विचारायचे. का? किती? आधी हे का, मग ते का नाही? शिकायला आलेत की माझी परीक्षा घ्यायला, तेच कळेना. एकदा चटईवर पडल्या पडल्या, टकलाला हात लावून त्यांनी विचारलं, "अंबाडा असला तर गुंडाळी कुठे घ्यायची?"

"काका, तुम्हाला अंबाडा आहे?"

"नाही. पण माहिती असावी माणसाला."

बाकीच्या पेशंटांना तर हा माणूस म्हणजे फुकटची करमणूक होती. डिमेलो टीचरांचा खांदा आखडला होता. बोटांनी भिंत चढायचा व्यायाम त्यांना दिला होता, त्यासाठी भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. त्या बिचाऱ्या दात-ओठ खात हात वर सरकवायच्या, आणि मागून काका पुकारायचे, "लक्ष द्या! डिमेलो टीचरांचा उजवा हात सहाव्या रेघेवर येऊन पोचलेला आहे. पुढे जाणाऱ्यांनी घाई करू नये!" टीचर हसून हसून हात खाली टाकायच्या. मग पुन्हा पहिल्या रेघेपासून. मी चिडले की काका पिशवीतून उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी काढायचे. "घ्या. घरच्या वाडीतली आहे." त्या माणसावर नीट रागावतासुद्धा यायचं नाही, ह्याचाच जास्त राग यायचा.

डोकेदुखीवाल्यांना मी एक वही करायला सांगते. कधी दुखलं, कुठे, आदल्या रात्री झोप किती, काय खाल्लं, कारण काय वाटतं. लोक चार ओळी खरडतात आणि वही हरवतात. काकांची वही मात्र रेघा आखून, लाल-निळ्या शाईत. आणि काय बारकावे! 'फोडणीचा वास सहन झाला नाही.' 'खिडकीला चादर लावली.' 'डाव्या डोळ्यावर मनगट दाबून धरले, वीस मिनिटे.' असं दुखणं मनाने रचून लिहिता येत नाही. पण 'कारण' या रकान्यात तीन-चार ठिकाणी एकच वाक्य होतं: 'मोठ्याने बोललो.'

"कोण बोललं?"

"मी."

"म्हणजे तुमच्याच आवाजाने तुमचं डोकं दुखतं?"

"आवाजच तसा आहे ना," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा हळू बोलले.

मी लक्ष दिलं नाही. चौथ्या महिन्यात त्यांनी वही पुढे केली, आणि त्यात लिहिलं होतं, 'आज दुखले असावे.' खाली दुसऱ्या दिवशीचं, 'दुखले नाही असे वाटते. खात्री नाही.' त्याच्याखाली, 'कळले नाही.'

माझा पारा चढला. "काका, ही काय थट्टा आहे? स्वतःचं डोकं दुखलं की नाही, हे माणसाला कळत नाही?"

"तेच तर अवघड आहे हो."

"तुमच्या मानेला काही झालेलं नाही. तुमच्या डोक्याला तर त्याहून नाही! माझा वेळ जातो, बाकीचे लोक ताटकळतात. उद्यापासून येऊ नका."

डिमेलो टीचर रेघेवरच थांबल्या. काकांनी वही पिशवीत घातली, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "व्यायाम चालू ठेवले तर चालतील ना? अपाय नाही ना?" मी 'चालतील' म्हटलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. बारीक अंगलट, हातात रिकामी टोपली, मानेवर घट्ट अंबाडा. बाजारात भाजी देऊन थेट आल्या होत्या. "मी चुरींची. त्यांना काढून टाकू नका, डॉक्टरबाई. काल जेवले नाहीत. त्यांचं डोकं बरं व्हायला पायजे."

मी बसायला सांगितलं. "घरी करतात का व्यायाम?"

"करतात म्हनजे? रोज सांजचे ओट्यावर. मला समोर बसवतात. तुम्हीच सांगितलंय ना, जोडीनं केलं तरच गुन येतो म्हनून? मी आपली सोबत. हनुवटी आत घे म्हनतात, घेते. पाच मोजतात, सोडते. मी नाही बसले तर हेही करायचे नाहीत."

असं मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नव्हतं. मी उठले आणि त्यांच्या खांद्यावर, मानेच्या बुडाशी, अंगठा ठेवला. नुसता ठेवला. काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"काकू, तुमचं डोकं दुखतं?"

त्या टोपलीचा काठ चाचपू लागल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं त्याला नाटक म्हनत. नवीन लग्न झालं होतं. मी चादर ओढून पडले की हे दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचे, 'नाटक कंपनीची गाडी लागलेली आहे!' घरभर हशा. मग मी सांगायचंच सोडलं. तीसेक वर्सं झाली. दुखत असलं तरी भाकऱ्या थापते. आता देवानं त्यांच्याच मागं लावलं. कशाला लावलं, डॉक्टरबाई? माझं मी काढत होते की."

वहीतलं डोकं कुणाचं होतं, ते मला आता कळलं. काल ज्याला मी खोटारडा ठरवून हाकललं होतं, तो खरोखरच खोटं बोलत होता. डॉक्टरांशी, माझ्याशी, घरी बायकोशी.

"आणि हल्ली?" मी विचारलं.

काकूंनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हल्ली फार कमी. आधी आठवड्याला दोनदा यायचं, आता म्हैन्यातून एखाद्या वेळी. पन त्यांना सांगू नका हं. त्यांचं ऱ्हायलं नि माझं गेलं, बरं नाही दिसत."

संध्याकाळी क्लिनिक बंद करून मी गिरीजला गेले. माफी मागणं मला जमत नाही, म्हणून तावातावानेच गेले. काका वाडीत केळींना पाणी सोडत होते. मला बघून त्यांनी फावडं टाकलं.

"किती वर्षांनी सुचलं हो तुम्हाला?" मी म्हटलं.

ते समजले. खाली बसले, तिथेच, बांधावर. "नोकरीत असताना दिवसभर घरी कुठे होतो? रिटायर झालो, घरी बसलो, तेव्हा दिसलं. हात कुठे कुठे दाबते, दिवा का मालवते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, मला काय झालंय? विचारायला गेलो की हसते. एकदा आपणच नाटक म्हटलं, आता कोणत्या तोंडाने खरं सांग म्हणू? हल्ली तर काहीच दिसत नाही. बरं वाटतंय की जास्तच लपवतेय, कळायला मार्ग नाही."

गुपित ठेवणं मला कधी जमलेलं नाही, आणि त्या दिवशी जमवायचंही नव्हतं. "काकूंचं आता महिन्यातून एखाद्या वेळीच. पूर्वी आठवड्यातून दोनदा होतं. गुण आलाय, काका."

"तिने सांगितलं? स्वतः?"

"स्वतः. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

पाटाचं पाणी वाफ्याबाहेर वाहत चाललं होतं. काकांनी ते वळवलं नाही. चिखलाच्याच हाताने त्यांनी चेहरा पुसला.

"मला नाही सांगणार ती," ते म्हणाले. "बरोबर आहे. नकोच सांगायला. पण कुणाला तरी सांगितलं ना, डॉक्टरबाई."