दाब दोनशे चाळीस

मास्तरांच्या घरात 'व्होल्टेज' म्हणायला बंदी होती. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस तो! व्होल्टेजला 'दाब' म्हणायचं, करंटला 'प्रवाह'. "टाकीतल्या पाण्याचा असतो तसा दाब. वाट मिळाली की प्रवाह सुरू! नियम पाळा, वीज गाईसारखी गरीब आहे," असं ते वर्गात ठासून सांगत. घरी मात्र बटणसुद्धा कोपराने दाबत, आणि हे फक्त बायकोला माहीत होतं.

त्या सकाळी फ्रीजने मास्तरांच्या सासूबाईंना झटका दिला. त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

"वायरमनला बोलवा," बायको म्हणाली.

"कशाला? मी काय मेलोय?" मास्तर बोलून गेले, आणि स्वतःच्याच शब्दांनी त्यांना घाम फुटला.

पण मास्तर पडले जावई! सासूबाईंसमोर माघार कशी घेणार? फ्रीजची पिन काढून, रबरी चपला आणि हातमोजे घालून ते स्टुलावर चढले. डोळे किलकिले करून त्यांनी दाब मोजायच्या मीटरच्या सुया प्लगच्या भोकांत घातल्या. जरा चुकलं की प्रवाह आपल्यातूनच वाट काढणार, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. शिकलेल्या माणसाला भीतीही तपशीलवार वाटते!

"लिहून घे गं!" ते कापऱ्या आवाजात ओरडले. "दाब दोनशे चाळीस! प्रवाह शून्य!"

आतल्या खोलीत सासूबाई ताडकन उठल्या. रक्तदाबाच्या गोळ्या खाण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.

"दोनशे चाळीस? माझा एकशे साठ झाला तरी डॉक्टर डोळे वटारतात! आणि प्रवाह शून्य? अगंबाई, जावयांचं रक्तच थांबलं!"

मागच्या दाराने जाऊन त्यांनी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना ओढत आणलं. डॉक्टरांनी काही न विचारता मागून मास्तरांचं मनगट धरलं, नाडी बघायला.

"मेलो! प्रवाह लागला! चिकटलो!"

बायको झाडूचा दांडा घेऊन धावत आली. चिकटलेल्या माणसाला सुक्या लाकडाने सोडवायचं, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं. तिने डोळे मिटून पाठीत एक हाणला, मग भीतीपोटी आणखी दोन. स्टूल, मास्तर आणि डॉक्टर एकावर एक कोसळले.

"अहो, बोला ना काहीतरी!" ती रडत रडत म्हणाली. तिचा जीव खरंच थाऱ्यावर नव्हता.

डॉक्टरांनी धापा टाकत मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला. "हं. दाब एकशे नव्वद."

मास्तर दचकून मीटरच्या सुयांकडे बघू लागले.

"डॉक्टर, पाया पडतो," ते क्षीण आवाजात म्हणाले, "बीपी म्हणा हो!"