बुटकीवर टाकलेलं उपरणं

अण्णांनी निवडलेली वस्तू आजवर कधी खोटी निघाली नाही! बैल म्हणा, विहिरीची जागा म्हणा, कुणाच्या पोरीसाठी पाहिलेलं स्थळ म्हणा. जानेफळात हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं, आणि ते सगळ्यात जास्त वेळा म्हणणारे गृहस्थ म्हणजे स्वतः अण्णा, अर्थात शेषराव. त्या शनिवारी सकाळीही ओसरीत बसून ते हेच म्हणत होते. शेवटचा साधा दिवस होता तो. पण साध्या दिवसाच्या कपाळावर तसं काही लिहिलेलं नसतं. त्यामुळे त्यांची लेक निशिगंधा शेजारी बसून कॉलेजचे पेपर तपासत होती आणि चिडत होती.

चिडायला कारणही तसंच होतं. अण्णा बोट निवडत होते!

होडी नव्हे. पन्नास फुटी, तीन खोल्यांची, स्वयंपाकघर आणि एसी असलेली, किनारा सोडून खोल समुद्रात आठ-आठ दिवस फिरणारी बोट! ती घेणार होता राजकुमार, गावच्या माणिकरावांचा मुलगा, मुंबईत इमारती बांधून गब्बर झालेला. पण माणिकरावांनी हयातीत अण्णांच्या उपरण्याशिवाय साधा गोऱ्हाही घेतला नव्हता, मग त्यांच्या मुलाने बोट कशी घ्यावी?

उपरण्याची रीत अशी. अण्णा बैलाभोवती फिरायचे. आधी मागून बघायचे, मग पुढून, मग बाजूनं. एक अक्षर बोलायचे नाहीत. पसंत पडला की खांद्यावरचं उपरणं त्याच्या पाठीवर टाकायचं आणि चहा प्यायला निघून जायचं. भाव करणं हे हलक्या लोकांचं काम! उपरणं पडलं की विषय संपला. अमडापूरच्या बाजारातले मुरलेले दलालही त्या उपरण्याकडे असे बघायचे, जशी पोरं निकालाच्या दिवशी हेडमास्तरांच्या तोंडाकडे बघतात.

पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टर घ्यायला लोक सरळ शोरूमला जाऊ लागले. उपरणं कित्येक वर्षं खांद्यावर नुसतं लोंबत होतं. म्हणून राजकुमारचा फोन आला तेव्हा अण्णांनी "समुद्रातलं मले काय समजते?" असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "फोटो पाठव!"

तीन बोटींचे मोठाले फोटो आले. अण्णांनी त्यांना नावं दिली: पांढरी, निळी आणि बुटकी. मग महिनाभर त्यांनी असा अभ्यास केला, की तेवढा निशिगंधाच्या वर्गातल्या एकाही पोराने केला असता तर तिला पेपर तपासताना डोकं धरून बसावं लागलं नसतं.

त्या शनिवारी मुंबईचा बोटवाला व्हिडिओ कॉलवर होता.

"इंजिनावर हात ठेव," अण्णा म्हणाले.

"काका, अ‍ॅक्च्युअली हे मॉडेल यंदाचं—"

"मॉडेल राहू दे. हात ठेव!"

बोटवाल्याने हात ठेवला आणि 'आई गं' करून काढून घेतला.

"पाह्य!" अण्णा कडाडले. "मले फोन कराच्या आंधी चालवून गरम करून ठेवली! बाजारात म्हाताऱ्या बैलाले दारू पाजून आणतात, त्यातलाच हा प्रकार! निशे, पाह्यलं का?"

"मी पेपर पाहून राह्यले, अण्णा."

पांढरी बाद झाली. तिचे कठडे सोनेरी, गच्चीवर फेसाळ पाण्याचा हौद. "शिंगं रंगवलेला बैल! रंग उतरला की खाली खरूज." निळीही बाद, तिला इंजिन एकच. "खोल पाण्यात एका बैलाची गाडी? तो मधातच बसला तं कोण उठवते त्याले?" उरली बुटकी. रुंद छातीची, जड बुडाची, दोन इंजिनांची, लाटेत डोलू नये म्हणून पोटाखाली दोन पंख असलेली. "मिरवत नाही, पण चिखलातून गाडी काढते," अण्णा म्हणाले. आणि लगेच बोटवाल्याला, "आता थोडी कोरड्यावर चालवून दाखव!"

बोटवाल्याचं नेटवर्क तेवढ्यात गेलं.

अण्णा उठले. जमिनीवरच्या फोटोंभोवती फिरले. मागून, पुढून, बाजूनं. मग खांद्यावरचं उपरणं काढून बुटकीवर टाकलं आणि घरात आवाज दिला, "चहा टाक वं!"

"बोटीतच प्या!" आतून त्यांच्या बायकोचा, मनकर्णाबाईंचा आवाज आला. त्यांना या बोटीचं इतकं प्रेम होतं.

अण्णा खुर्चीत टेकले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "निशे, राजकुमार म्हणते, पयल्या फेरीले मले नेईन. तुह्यी आई येत नाही. तुह्यासाठी समोरची खोली सांगू का? डोक्यावर खिडकी हाये तिले. झोपल्या झोपल्या चांदण्या दिसतात म्हणते."

"अण्णा, तुमी जन्मात समुद्र पाह्यला काय?"

"बैल घ्याले जाच्या आंधी कोणी बैल होऊन पाह्यते काय वं?"

"मले लई काम हाये, अण्णा."

"मंग उद्या सांग. घाई नाही."

रविवारी सकाळी मनकर्णाबाई चहा घेऊन ओसरीत आल्या तेव्हा अण्णा खुर्चीत होते, आणि नव्हते.

दहाव्याला सगळे धरणाच्या काठावर जमले. व्यवस्था भागवतकाकांकडे होती. भागवतकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. थोरल्या भावापुढे साठ वर्षं तोंड उघडता आलं नव्हतं, ती सगळी कसर ते दहा दिवसांत भरून काढत होते. राजकुमार मुंबईहून गाडी घेऊन आला होता. गाडीत बोटवालाही होता! "फोन मधातच कटला, काकांनी शेवटी कोणती निवडली ते कळलं नाही, म्हणून म्हटलं, याले संगंच आणू," असं त्याने सांगितलं. निशिगंधाला राग आला. माणूस जाऊन दहा दिवस झाले होते आणि हे गिऱ्हाईक-दुकानदार मिळून आले होते! पण कोणती निवडली हे तिला कुणी विचारलंच नाही. पोरीला काय विचारायचं? बसलेल्या चाळीस पुरुषांपैकी कुणाला तरी ठाऊक असेलच ना!

आणि मग तिला तो फ्लेक्स दिसला.

पिंडाच्या शेजारी दोन बांबू रोवून राजकुमारने तो बांधला होता. पुरुषभर उंच! 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली पांढऱ्या बोटीच्या सोनेरी कठड्याला टेकून उभे अण्णा. त्यांची टोपी काढून कुणीतरी कॉम्प्युटरवर त्यांना कप्तानाची टोपी घातली होती! ज्या बैलाची शिंगं रंगवलेली म्हणून अण्णांनी तोंड फिरवलं, त्याच्याच पाठीवर त्यांना बसवलं होतं आणि वर तोंडभर हसवलं होतं!

"काका, हे पांढरी—" तिने सुरुवात केली.

"तू थांब वं," भागवतकाका म्हणाले. "बायायनं मधात बोलू नये."

पिंड ठेवला. सगळे मागे सरले. समोरच्या बाभळीवर कावळे दुसऱ्या पंगतीच्या पाहुण्यांसारखे दाटीवाटीने बसले होते. एक उडाला, अर्ध्यावर आला आणि परत फिरला. दुसरा आला, तोही फिरला. धरणावरून वारा येत होता आणि फ्लेक्स फडाफडा वाजत होता.

"इच्छा राह्यली," विधी करणारे महाराज म्हणाले. "बोला कोणीतरी."

"दादाचा जीव बोटीत हाये!" भागवतकाकांनी जाहीर केलं. "राजकुमार, बोल!"

राजकुमारने हात जोडले. "काका, पांढरी घेतो!"

फडाफडा! कावळा परतला.

"निळी घेतो!"

कावळा बाभळीवरून हललाही नाही.

"काका, अण्णायनं बुट—" निशिगंधा पुन्हा भागवतकाकांकडे वळली.

"तुले म्हटलं ना थांब!"

आता बोटवाला पुढे आला. गिऱ्हाईक कावळा आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने थेट बाभळीकडे तोंड करून सुरुवात केली. "सर, आपल्याकडे समुद्राचं पाणी गोड करायचं मशीन आहे. एकदा टाकी भरली की चारशे मैल—"

"त्याले मैल काय सांगता?" गर्दीतून कुणी ओरडलं. "त्याले पंख हायेत!"

"दादा!" भागवतकाका बाभळीकडे दोन पावलं सरसावले. "तुमी मले जन्मभर सांगत व्हते. हे पाहा, आजपासून मी तंबाखू सोडली!"

गर्दीत 'अरे बापा' असा आवाज उठला. एवढं मोठं वचन गावात आजवर कुणी दिलं नव्हतं. वारा जरा पडला होता. कावळा खाली आला, पिंडापासून हातभर अंतरावर उतरला. सगळ्यांचे श्वास थांबले. भागवतकाकांचा तर फारच थांबला. आणि पुन्हा वारा आला, पुन्हा फडाफडा, पुन्हा कावळा बाभळीवर! काकांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्यात सुटकेचा अंशही होता.

महाराजांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे हिवरा आश्रमला जायचं होतं. "दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ काय?"

"माह्या माणसाले गवताचा कावळा?" मनकर्णाबाई ताडकन उठल्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि कावळा शिवल्याशिवाय घेणार नव्हत्या. "मी इथंच बसते. सांज होऊ दे, रात होऊ दे!"

निशिगंधाने आईचे कोरडे ओठ पाहिले. मग फ्लेक्सवरची ती टोपी पाहिली. पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो, संयमी होतो, असं ती वर्गात शिकवत असे. ती तरातरा पुढे गेली.

त्याच क्षणी बोटवाल्याने शेवटचा बाण सोडला. "सर, जकुझी फ्री देतो!"

निशिगंधाने बांबूची दोरी ओढली. फ्लेक्स धाडकन आडवा पडला.

आणि कावळा आला! पिंडाभोवती चालला. आधी मागून पाहिलं, मग पुढून, मग बाजूनं. मग टोच मारली.

"जकुझी!" सगळा काठ दुमदुमला. "शेषरावले जकुझी पायजे व्हती!"

जकुझी म्हणजे गच्चीवरचा तो फेसाळ पाण्याचा हौद, हे तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. तरी दोन म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदर लावला. "बिचाऱ्याले जन्मभर एक जकुझी नाही भेटली वं माय!"

"पांढरीलाच जकुझी आहे सर," बोटवाला राजकुमारच्या कानाशी लागला. "म्हणजे कन्फर्म!"

"कन्फर्म काय?" निशिगंधाचा आवाज धरणावर आपटून परत आला. "तुमी सगळे शेतकरी ना? ज्वारीवरचे पाखरं हाकलाले वावरात जुने फ्लेक्सच बांधता ना? मंग इथं हा काय कावळ्याले बोलवाले बांधला?"

चाळीस पुरुषांनी आडव्या फ्लेक्सकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग आपापल्या चपलांकडे.

"अन् अण्णायनं बुटकी निवडली व्हती! मी दहा दिवसांपासून घरात हावो. कोणी एका शब्दानं विचारलं मले?"

राजकुमार पुढे आला. त्याने एकच प्रश्न विचारला, जो त्याच्या बापाने विचारला असता.

"ताई, उपरणं टाकलं व्हतं?"

"टाकलं. माह्यासमोर."

"मंग झालं," राजकुमार म्हणाला, आणि बोटवाल्याचं तोंड जुन्या वांग्यासारखं झालं.

"अरे, मंग कावळा फ्लेक्समुळं येत नव्हता," भागवतकाका आशेने म्हणाले, "म्हणजे माही तंबाखू..."

"कावळा शिवला," महाराजांनी पिशवी उचलली. "वचन देऊन झालं. आता सुटका नाही."

मनकर्णाबाई पाणी प्यायल्या. मग फ्लेक्सची घडी करून काखेत मारली. "पाहून काय राह्यले? सोयाबीनच्या सुडीवर टाकाले होते."

दिवस कलताना निशिगंधा वावरात गेली. आईने फ्लेक्स कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवर पसरला होता, चित्राची बाजू वर. कडांना दगड ठेवले होते, एक दगड घसरला होता. वाऱ्याने फ्लेक्स फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. समुद्र न पाहिलेले अण्णा सोयाबीनवर हेलकावे खात चालले होते, नको असलेल्या बोटीतून, नको असलेली टोपी घालून.

तिने दगड उचलून जागेवर ठेवला. इकडे तिकडे पाहिलं. वावरात कुणी नव्हतं. कावळा तर जेवून कधीच गेला होता. आता बोलून काही उपयोग नव्हता.

"पयले ते टोपी काढा," ती मोठ्याने म्हणाली.

वारा पडला. फ्लेक्स खाली बसला.

"अन् अण्णा, तुमी उद्या सांग म्हणले व्हते ना? समोरची खोली मले पायजे. चांदण्यावाली. दुसऱ्या कोणाले देऊ नका. मी येते तुमच्यासंगं."