गजभिये उस्तादांच्या बारा गोळ्या

लकडगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आरामशीन होती. सकाळी सातला ती सुरू व्हायची आणि सागाच्या ओंडक्यात पातं शिरलं की अख्ख्या गल्लीच्या दातांना कळ यायची. त्या मशीनपासून चार हातांवर बनियन आणि खाकी हाफपॅण्ट घातलेला, पन्नाशी कधीच ओलांडलेला एक माणूस उजवा हात सरळ ताणून उभा असायचा. हातात लाकडी पिस्तूल, त्याच्या नळीवर अगदी टोकाशी एक चवन्नी. पातं किंचाळायचं, हा माणूस पिस्तुलाचा घोडा ओढायचा, 'टक्' व्हायचं आणि चवन्नी जागची हलायची नाही. असं वीस वेळा झालं की तो नळावर आंघोळीला जायचा. मध्ये चवन्नी पडली तर मोजणी पुन्हा एकपासून. काही दिवस त्याची आंघोळ दुपारवर जायची.

हे आमचे गजभिये उस्ताद. पोलिसात जमादार होते आणि चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, शिपायांना नेम शिकवायचे. म्हणून साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. मी त्याच मुख्यालयात कारकून. चांदमारीच्या दिवशी काडतुसांची पेटी घेऊन लिंबाच्या झाडाखाली बसणं हे माझं काम. घरीही आमची दारं समोरासमोर. थोडक्यात, दिवसाचे चोवीस तास मी उस्तादांच्या टप्प्यात होतो.

खरं पिस्तूल घरी आणायची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून सागाचं करून घेतलं होतं. आत शिसं ओतलेलं आणि घोड्याला सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग. "असलीवाल्याइतकंच वजन हाये. धरून पाह्य," असं म्हणून त्यांनी एकदा ते माझ्या हातात दिलं. अर्ध्या मिनिटात माझा हात लटपटायला लागला.

"बाबू, तुह्या हातात फक्त पेन टिकते," उस्ताद म्हणाले आणि पिस्तूल काढून घेतलं.

त्यांच्याजवळ जगातल्या सगळ्या दुखण्यांवर दोन औषधं होती. पहिलं, "माशी पाह्य, निशाण नको पाहू." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो इवलासा उंचवटा, ज्यावरून नेम धरतात. नवशिका टार्गेटकडे डोळे फाडून बघतो आणि त्याची माशी हलते. नजर माशीवर ठेवायची, टार्गेट पुसट दिसलं तरी चालतं. दुसरं औषध, "घोडा दाबू नको, घोडा दबू दे." बोट इतकं हळू मागे न्यायचं की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये.

आता हे चांदमारीवर ठीक आहे. पण मी खात्याच्या परीक्षेला बसलो तेव्हा उस्ताद मला स्टॅण्डपर्यंत सोडायला आले आणि सायकलचं हॅण्डल धरून म्हणाले, "निकाल नको पाहू. समोरचा सवाल पाह्य. अन् उत्तर लिहू नको, उत्तर लिहिलं जाऊ दे." मी उत्तर लिहिलं जाऊ दिलं आणि नापास झालो. "म्हणजे तू निकालच पाहून राहिला होता," एवढंच त्यांचं म्हणणं.

लग्न जमत नसलेल्या एका शिपायाला ते मुलगी बघायला जाताना काय सांगत होते, ते मी इथे लिहीत नाही.

मन एकाग्र करायला शांतता लागते, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "शांततेत तं माही म्हातारी आईबी नेम मारन. गोंधळात मारून दाखव." त्यासाठी ते रविवारी इतवारीत जायचे. भर बाजारात, भांड्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहून नुसतं बोट ताणायचे आणि समोरच्या पाटीवरच्या एका अक्षरावर नजर लावायचे. एकदा मी सोबत होतो. मागून पितळेच्या घागरींनी लादलेली हातगाडी आली. गाडीवाला 'बाजू, बाजू' ओरडत होता, उस्ताद ढिम्म. गाडीवाल्याने शेवटच्या क्षणी दांडा वळवला, गाडी कलंडली आणि घागरी दुकानाच्या पायऱ्यांवर गडगडत गेल्या. सगळी गल्ली धावली. गाडीवाला उस्तादांच्या कानाशी येऊन त्यांचं खानदान काढत होता. दोन मिनिटांनी उस्तादांनी बोट खाली केलं, आजूबाजूला पाहिलं आणि मला विचारलं, "काय झालं गा?"

मी सांगितलं. घागरी उचलू लागताना त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"एवढ्या घागरी पडल्या, अन् मले एक नाई ऐकू आली! याले म्हणतात ध्यान."

ही गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर सांगितली. त्यांच्या बायकोला, अनुसयाबाईंना, मात्र तिचं काही कौतुक नव्हतं. माझ्या बायकोजवळ त्या म्हणायच्या, "यायले ताटातलं मीठ दिसत नाई वं बाई, अन् पंचवीस हातांवरचा काळा ठिपका दिसते. मी आवाज देऊन देऊन थकते. बंदुकीतून बोलली असती तं आयकलं असतं." उस्ताद हे ऐकूनसुद्धा खूश व्हायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. अनुसयाबाईंची बडबड आणि उस्तादांचं 'टक् टक्' एवढ्यावर ते घर चालायचं, आणि छान चालायचं.

मग एका उन्हाळ्यात अनुसयाबाईंच्या छातीचं दुखणं बळावलं आणि त्या दवाखान्यात गेल्या. मी तेव्हा मौद्याला सासुरवाडीला होतो. परत आलो तर समोरचं दार लोटलेलं, आत उस्ताद बुद्धाच्या तसबिरीसमोर भिंतीला टेकून बसलेले. बाई गेल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी ते कामावर हजर झाले. लोक म्हणाले, काय घट्ट काळीज आहे. मीही म्हणालो. आता लाज वाटते.

पण त्यानंतर उस्तादांची गोळी खाली जायला लागली. खाली आणि डावीकडे. इतकी वर्षं काळ्या वर्तुळात एका रुपयाखाली झाकतील अशी भोकं पाडणारा माणूस, आता त्याच्या कागदावर भोकं शोधावी लागत. पुढच्या हिवाळ्यात वार्षिक सामने होते आणि त्यानंतर दोन महिन्यांनी उस्ताद निवृत्त. त्यांचा खास सामना रिव्हॉल्व्हरचा. शिट्टी झाली की पळत रेषेवर यायचं, कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून माणसाच्या आकाराच्या टार्गेटच्या छातीवरच्या काळ्या वर्तुळात सहा गोळ्या मारायच्या, रिकामी टरफलं पाडून पुन्हा भरायचं, गुडघ्यावर बसून आणखी सहा. गुण सारखे झाले तर ज्याचा वेळ कमी तो वर.

साहेब वयाने लहान, पण भला माणूस होता. तो म्हणाला, "उस्ताद, महिनाभर बघू. हात नाही सुधारला तर यंदा संघात दुसरं नाव टाकावं लागेल."

"टाका," उस्ताद म्हणाले. आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाबू, सरकारचं पिस्तूल सरकारले वापस करन तं बारा गोळ्या सरळ मारूनच वापस करन. तू मदत करशीन?"

मदत म्हणजे अशी. त्यांच्याकडे पाठ करून मी रिव्हॉल्व्हर भरायचं आणि खऱ्या काडतुसांत एखाददुसरं रिकामं टरफल टाकायचं. कुठे ते सांगायचं नाही. ते गोळ्या मारत जायचे, आणि रिकाम्याची पाळी आली की नुसतं 'टक्' व्हायचं. आवाज नाही, धक्का नाही. अशा वेळी नळी जागेवर राहिली तर हात पक्का. पहिल्याच दिवशी 'टक्' झालं आणि नळी चांगली चार बोटं खाली गेली. उस्ताद त्या नळीकडे बघत राहिले.

"हे रंगरूट करते," ते म्हणाले. "आवाज व्हायच्या आधीच हात घाबरते."

रंगरूटाने, म्हणजे नव्या भरतीच्या शिपायाने, असं केलं की उस्ताद त्याला मैदानाला एक चक्कर मारायला लावत. त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या स्वाधीन केलं आणि स्वतः मैदानाला चक्कर मारून आले. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या वयात, भर उन्हात. त्या आठवड्यात त्यांनी अशा अकरा चकरा मारल्या. शिपाई तोंडावर रुमाल धरून हसायचे, मीही आधी हसलो.

माणूस हट्टाला पेटला होता. बिडी सोडली. चहा सोडला, कारण चहाने नाडी उडते. भिंतीवर मोहरीएवढा ठिपका काढून त्याच्याकडे पाव पाव तास टक लावून बसायचे. माझी बायको एकदा भाजी द्यायला गेली आणि घाबरून परत आली. "भिंतीवर काही नाही हो, आणि ते पाल असल्यासारखं बघत बसलेत." मी तिला ठिपक्याबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने दोन भाकऱ्या जास्त टाकायला सुरुवात केली.

आरामशीनसमोर चवन्नी हलायची नाही. लाकडी पिस्तुलाशी हात दगडासारखा. खरं हातात घेतलं की नळी खाली. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा मी चिडलो. चांदमारी रिकामी झाली होती, आम्ही दोघं लिंबाखाली होतो.

"उस्ताद, तीस वर्षं गोळ्या मारल्या तुम्ही. आता आवाजाला कसले घाबरता?"

"आवाजाले नाई घाबरत मी."

"मग?"

त्यांनी बराच वेळ बुटाने माती सारखी केली.

"अनुसया गेली त्या दिवशी मी इथंच होतो. दवाखान्यातून शिपाई सायकलवर आला मले बलवाले. मी निवांत नेम मारून राहिलो होतो. एकेक गोळीले दोन-दोन मिनिटं. कानात कापूस. त्यानं दोन डाव आवाज देला म्हणे. जवळ येऊन हात लावाची त्याची हिंमत नाई झाली, काहून का गोळी चालू असताना माह्या मांगं यायचं नाई असा कायदा मीच केला हाये. सहा गोळ्या मारल्या. मंग कागद पाहाले गेलो. सहाच्या सहा काळ्यात. खूश झालो मी, बाबू. हसतच वापस फिरलो, तं तो उभा."

मी पेटीचं झाकण लावून टाकलं.

"पोचलो तं दहा मिनिटांआधी गेली होती. नर्स म्हणे, लय वाट पाह्यली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "तवापासून घोड्यावर बोट ठेवलं का वाटते, मांगं कोणी उभं हाये. आवाज देऊन राहिलं. अन् मले ऐकू नाई येऊन राहिलं. हात मांगं वळाले पाहते गा. मी त्याले वळू नाई देत, तं तो खाली जाते."

  मी पेटीची कडी उगीच लावत आणि काढत बसलो. साहेबाकडे मात्र दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो आणि म्हणालो, उस्तादांचं नाव राहू द्या. का ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

सामन्याच्या दिवशी मैदानाला चुन्याच्या रेषा, कनाती, सगळे साहेब खुर्च्यांवर. उस्तादांची पाळी शेवटून दुसरी. शिट्टीच्या आधी त्यांनी दोन्ही कानांतला कापूस काढला आणि खिशात टाकला. शेजारचा शिपाई म्हणाला, "उस्ताद, कान फाटतीन!" उस्तादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शिट्टी झाली. ते पळत रेषेवर आले, रिव्हॉल्व्हर निघालं, सहा गोळ्या. मी नळीकडेच बघत होतो. ती एकदाही खाली गेली नाही. लोकांत कुजबुज झाली. आता टरफलं पाडायची, भरायचं, गुडघ्यावर बसायचं. इथे एकेक क्षण मोलाचा.

आणि उस्ताद थांबले. रिकामी नळी टार्गेटकडेच, पाय जागेवर, फक्त मान वळली. त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं. घाईत नाही, एखादा माणूस दार लावण्याआधी बाहेर बघतो तसं. साहेब खुर्चीतून अर्धा उठला. शिपाई ओरडले, "उस्ताद, भरा! भरा!" त्यांनी डावीकडून उजवीकडे सगळी रांग बघितली, नजर माझ्यापर्यंत आली, मग मान सरळ केली. मग भरलं, गुडघा टेकला आणि सहा मारल्या.

बाराच्या बारा काळ्यात. बारा लावणारे आणखी दोघे निघाले आणि दोघांचाही वेळ कमी होता. उस्ताद तिसरे आले. साहेब म्हणाला, "उस्ताद, मागे काय बघत होतात? कप हातात होता!" उस्तादांचे कान दणाणत होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी सलाम ठोकला.

रिव्हॉल्व्हर जमा करायला ते माझ्या पेटीपाशी आले. हात अगदी शांत होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, "काहून वळले होते, उस्ताद?"

"कोणी आलं हाये का, पाहून घेतलं," ते म्हणाले. "मांगच्या खेपेस पाह्यलं नव्हतं ना."